गिऱ्हाईक दारात येण्याआधी

वाचकांचे प्रश्न : सेवा आणि धंद्याची आखणी

प्रश्न : प्रभादेवीला आमची पॅथॉलॉजी लॅब आहे. वडिलांनी सुरू केली, आता मी बघतो. परळ पूर्वेला छोटं कलेक्शन सेंटरही आहे. मोठ्या कंपन्यांच्या लॅब आसपास आल्यापासून आमचे पेशंट कमी झालेत. त्यांचं अ‍ॅप आहे, पॅकेजं आहेत. आम्ही सल्लागाराकडून ‘कस्टमर जर्नी मॅप’, म्हणजे ग्राहकाच्या प्रवासाचा नकाशा करून घेतला. त्यात फोन, नोंदणी, सॅम्पल, तपासणी, रिपोर्ट असे पाच टप्पे आहेत आणि प्रत्येकाखाली हसरे-रडके चेहरे. तो मीटिंगच्या खोलीत लावलाय आणि त्यावरून आता अ‍ॅप करायचं घाटतंय. खर्च बराच आहे. करावं का?
– एक लॅबचालक, प्रभादेवी

उत्तर : अ‍ॅपचा विषय आत्ता बाजूला ठेवा. आधी त्या तक्त्यासमोर उभे राहून पाचही टप्पे पुन्हा वाचा. फोन तुमचा वाजतो, नोंदणी तुम्ही करता, सॅम्पल तुम्ही घेता, तपासणी तुमची, रिपोर्ट तुमचा. लॅबच्या कामाचा क्रम म्हणून हा तक्ता बरोबर आहे, पण पेशंटचा दिवस त्यात कुठेच सापडत नाही.

साठी ओलांडलेल्या, शिवडीत राहणाऱ्या मधुमेही बाई डोळ्यांसमोर आणा. डॉक्टरांनी चिठ्ठीवर फास्टिंग (उपाशीपोटीची साखर), पीपी (खाल्ल्यानंतरची) आणि एचबीए१सी लिहून दिलंय. त्यांचा प्रवास आदल्या रात्री सुरू होतो. साडेनऊला जेवण झालं तर उद्या सातला चालेल का? पाणी प्यायचं का? सकाळची शुगरची गोळी घ्यायची की मागे ठेवायची? हे सगळं मनात येतं तेव्हा तुमचं काउंटर बंद झालेलं असतं. मग त्या सुनेला विचारतात, शेजारणीला विचारतात आणि दोघी दोन उत्तरं देतात. सकाळी उपाशीपोटी निघायचं, सुई टोचून घ्यायची, खायचं आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी पुन्हा हात पुढे करायचा. शिवडीला घरी जाऊन परत यायचं म्हटलं तर जीव मेटाकुटीला येतो, आणि खाली थांबायचं म्हटलं तर दोन तास बसायचं कुठे? तुमच्या तक्त्यात या सगळ्याला ‘सॅम्पल’ हा एकच चौकोन आहे.

कामाच्या निमित्ताने मी अशाच एका लॅबच्या बाकावर सकाळी बसत असे. तिथे पाहिलेली एक गोष्ट सांगते. एक आजोबा सव्वादहाला पीपी द्यायला आले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, ‘काका, खाल्लं किती वाजता?’ त्यांनी दोन तास मोजले होते ते सुई टोचल्यापासून. खाणं मात्र पावणेनऊला झालं होतं, कारण कोपऱ्यावरच्या हॉटेलात जागा मिळेपर्यंत ते ताटकळले होते. मुलगी म्हणाली, ‘मग अजून अर्धा तास बसा.’ ते बसले आणि सहज बोलता बोलता म्हणाले, ‘मध्ये एक कटिंग घेतला फक्त.’ सॅम्पल बाद. उद्या पुन्हा उपाशी या. मुलगी गोड बोलली, आजोबाही चिडले नाहीत. चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली आणि कठड्याला धरून जिना उतरले. सुई टोचणाऱ्या मुलाने आपलं काम चोख केलं होतं, काउंटरनेही केलं होतं. त्या दोघांच्या मधले दोन तास मात्र कुणाच्याच वाट्याला आलेले नव्हते. टोचणाऱ्यानेच चिठ्ठीच्या मागे ‘खायला सुरुवात कराल ती वेळ इथे लिहा, त्यानंतर दोन तासांनी या, मध्ये फक्त पाणी’ असा शिक्का मारला असता, तर आजोबांची दुसऱ्या दिवसाची उपासमार वाचली असती.

मला या कामात सगळ्यात मोलाचं काय वाटतं, तर ही मधली जागा. एका माणसाचं काम संपतं आणि दुसऱ्याचं सुरू व्हायचं असतं, तिथेच गिऱ्हाईक एकटं पडतं. अमेरिकेत अ‍ॅम्ट्रॅक रेल्वेने अ‍ॅसेला ही वेगवान गाडी आणायचं ठरवलं तेव्हा आयडिओ या डिझाइन संस्थेला डब्याच्या आतल्या रचनेचं काम दिलं होतं. त्यांनी प्रवाशाचा अख्खा प्रवास मांडला तर दहा टप्पे निघाले, आणि आसनावर बसणं आलं आठव्या टप्प्याला. आधीचे सात टप्पे डब्याबाहेरचे होते. गाडी २००० साली धावू लागली. तुमच्याकडे सुई हा असाच उशिरा येणारा टप्पा आहे.

तुमच्या भागात तर रस्ताच बदललाय. परळ आणि प्रभादेवीला जोडणारा एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला. परळ पूर्वेहून टॅक्सीने तुमच्याकडे यायचं तर टिळक पूल नाहीतर करी रोड असा वळसा पडतो. उपाशी, गुडघे दुखणाऱ्या माणसाला हा वळसा केवढा जड जातो! पेशंट कमी होण्याचा सगळा दोष तुम्ही मोठ्या कंपन्यांना देताय. पूल बंद व्हायच्या आधीची आणि नंतरची नोंदवही काढा, पत्त्यांप्रमाणे पेशंट मोजा, मग बोला. पूर्वेचेच कमी झाले असतील तर पैसा अ‍ॅपवर न घालता परळच्या सेंटरवर घाला. ते सकाळी साडेसहाला उघडा आणि पीपीसुद्धा तिथेच घ्या.

आता नकाशा नव्याने कसा करायचा ते. सात-आठ पेशंट निवडा. नेहमी येणारे हवेत, पहिल्यांदाच आलेले हवेत, आणि पूर्वी यायचे पण आता येत नाहीत असे दोघे-तिघे तर हवेतच. शक्यतो त्यांच्या घरी जा. ‘आमची सेवा कशी वाटते?’ असं विचारू नका. समोर बसलेल्या माणसाला कुणी वाईट म्हणत नाही, ‘छान आहे’ म्हणून चहा पुढे करतात. ‘मागच्या वेळी काय काय झालं ते आदल्या रात्रीपासून सांगा’ असं म्हणा आणि गप्प बसा. रिपोर्टची पिशवी बघायला मागा, व्हॉट्सअ‍ॅपवर तुमच्याशी झालेलं बोलणं दाखवायला सांगा. जे ऐकाल ते त्यांच्याच शब्दांत लिहा.

त्याच्या जोडीला पंधरा दिवस काउंटरवर एक वही ठेवा. येणारा प्रत्येक फोन कशासाठी आला ते एका ओळीत टिपायचं. माझा अंदाज, ‘रिपोर्ट झाला का?’ हाच फोन सगळ्यात जास्त निघेल. तसं असेल तर फोन किती वाजता येतो ते बघा, आणि विचारा की डॉक्टरकडे कधी जायचंय. पेशंटची मुदत डॉक्टरच्या अपॉइंटमेंटने ठरते, तुमच्या मशीनने नाही. हा प्रश्न नोंदणीलाच विचारला आणि पावतीवर लिहिला, तर संध्याकाळी कुणाचा रिपोर्ट आधी सोडायचा ते आतल्या टेक्निशियनला न सांगता कळेल.

कागदावर मांडताना मधोमध एक आडवी रेघ ओढा. रेघेच्या वर पेशंटला दिसणारं, खाली न दिसणारं. ही पद्धत लिन शोस्टॅक या अमेरिकन बँकर बाईंनी १९८४ मध्ये हार्वर्डच्या व्यवस्थापनविषयक नियतकालिकात मांडली, तीही बूटपॉलिशसारख्या साध्या कामाचं उदाहरण घेऊन. वरच्या बहुतेक तक्रारींचं मूळ रेघेखाली सापडतं. शिवडीच्या बाईंचा रिपोर्ट उशिरा आला, कारण परळहून सॅम्पल आणणारा मुलगा दिवसातून एकदाच फेरी मारतो. अ‍ॅपने ती फेरी वाढणार नाही.

शेवटी धंद्याचा प्रश्न, कारण नकाशा काढून काही ठरलं नाही तर तो कशाला काढायचा? मोठ्या कंपन्या धडधाकट माणसाला ‘फुल बॉडी’ पॅकेज विकतात. तुमच्याकडे मधुमेही वर्षानुवर्षं येतात. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते, म्हणून बरेच डॉक्टर ती दर तीन महिन्यांनी करायला सांगतात. म्हणजे तोच माणूस वर्षातून चारदा तुमच्या दारात. त्याच्या पिशवीत जुने रिपोर्ट चुरगळून पडलेले असतात आणि डॉक्टर केबिनमध्ये ते एकेक करून उलगडत बसतात. मागचे चार आकडे एकाच पानावर, मोठ्या अक्षरांत छापून द्या. तुमच्या संगणकात ते आहेतच. प्रभादेवी-परळ-शिवडीतल्या मधुमेहींची लॅब व्हायचं ठरवा आणि पॅकेजच्या स्पर्धेतून बाहेर पडा. सवलतीच्या लढाईत तुमचा निभाव लागणार नाही, आणि लागायची गरजही नाही. त्या मधल्या दोन तासांची जबाबदारी मात्र एका माणसाच्या नावावर टाका.

*

प्रश्न : मी डिझाइन शिकते. प्रोजेक्टसाठी आम्ही बसप्रवाशाचा जर्नी मॅप केला. आठवडाच हातात होता, म्हणून तीन ‘पर्सोना’ (नमुन्याचे काल्पनिक प्रवासी) आणि त्यांच्या भावनांची वर-खाली जाणारी रेघ एआयच्या मदतीने केली. मार्क चांगले मिळाले. मैत्रीण म्हणते हे खोटं आहे. तिचं बरोबर आहे का?
– विद्यार्थिनी, कांदिवली

उत्तर : हो, तिचं बरोबर आहे. आणि अजून वेळ गेलेली नाही. कांदिवली स्टेशनच्या पश्चिमेला संध्याकाळी सात वाजता बेस्टच्या स्टॉपवर जाऊन उभी राहा. बस लांबून दिसली की पाटीवरचा नंबर वाचायला रस्त्यात उतरणारी माणसं बघ. दोन बसेस मागेपुढे आल्या की मागच्या बसकडे पळणाऱ्या बायका बघ, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हाताने पोराचं मनगट धरलेलं. असलं काही एआयने तुला सांगितलं होतं का?

अंदाजाने नकाशा काढायला माझी हरकत नाही. सुरुवात तिथूनच होते. फक्त प्रत्येक ओळीपुढे खूण कर: ऐकलं, पाहिलं की अंदाज. अंदाजाच्या खुणा जिथे जास्त, तिथे उद्या जायचं. भावनांच्या रेघेबद्दल एवढंच सांगते की सरासरी काढू नकोस. एकीला बसायला जागा मिळाली म्हणून ती खूश, दुसरी दारात लोंबकळतेय म्हणून वैतागलेली. दोघींची सरासरी ‘ठीकठाक’ येते आणि तसं वाटणारी बाई त्या बसमध्ये एकही नसते. दोघींच्या दोन रेघा काढ.

*

प्रश्न : मी एका सहकारी बँकेत अधिकारी आहे. आमचे ग्राहक बहुतेक ज्येष्ठ आणि जुने. तक्रारवही जवळजवळ कोरीच असते. संचालक मंडळाला ग्राहकाच्या प्रवासाचा अभ्यास करायचा आहे आणि सुरुवात मोबाइलवरून खातं उघडण्यापासून करावी असं त्यांचं म्हणणं आहे. तुमचं मत?
– बँक अधिकारी, गिरगाव

उत्तर : माझं मत वेगळं आहे. सुरुवात खातेदाराच्या मृत्यूनंतरच्या दाव्यापासून करा.

तुमचे खातेदार ज्येष्ठ आहेत, म्हणजे हा प्रसंग तुमच्या शाखेत वरचेवर येतो. दिवसकार्य उरकून बाई मुलाला घेऊन येतात. पासबुक, एफडीच्या पावत्या, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत. पहिल्या काउंटरवर सांगतात, ‘आतल्या मॅडमना भेटा.’ मॅडम त्या दिवशी रजेवर. दुसऱ्या खेपेला फॉर्म मिळतो आणि कळतं की मृत्यूचा दाखला हवा. तिसऱ्या खेपेला कळतं की बाईंचं स्वतःचं केवायसी जुनं झालंय. चौथ्या खेपेला लॉकरचा विषय निघतो, त्याचा फॉर्म वेगळा. प्रत्येक वेळी ‘मिस्टर गेले’ हे नव्या माणसाला पहिल्यापासून सांगायचं. हे लिहितानाही माझ्या पोटात कालवतं.

कागदपत्रं पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तुमची शाखा तो पाळत असेलही. पण तुमचं घड्याळ ‘कागद पूर्ण’ झाल्यावर सुरू होतं आणि बाईंचं घड्याळ पहिल्यांदा पायरी चढल्या तेव्हा. या दोहोंच्या मधले दिवस तुमच्या कुठल्याच रजिस्टरात नाहीत. गेल्या वर्षभरातल्या दाव्यांतल्या थोड्या कुटुंबांना भेटा आणि तेवढेच दिवस मोजा. मंडळासमोर बाकी काही नाही ठेवलंत तरी चालेल.

उपाय फार महाग नाहीत. पहिल्याच भेटीत बचत, एफडी, लॉकर, पेन्शन असं सगळं एकत्र बघायचं आणि काय काय आणायचं त्याची एकच यादी मराठीत हातात द्यायची. झेरॉक्स बँकेने काढायच्या. एक अधिकारी आणि त्याचा थेट नंबर. नॉमिनीला पैसे मिळतात ते वारसांच्या वतीने, तो आपोआप मालक होत नाही, हेही तेव्हाच शांतपणे सांगायचं, नाहीतर पुढे भावाभावांत बँकेच्या दारातच जुंपते. १ नोव्हेंबर २०२५पासून ठेवींना चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. ते सांगायच्या निमित्ताने हयात खातेदारांशीही आत्ताच बोलून घ्या. नॉमिनेशन कोरं असलेलं खातं म्हणजे कुणाच्या तरी घरच्यांचे चार जादा हेलपाटे.

मंडळ विचारेल, यात धंदा कुठे आला? तो मुलगा ठाण्याला किंवा पुण्याला राहतो, त्याचं खातं दुसऱ्या बँकेत आहे. आईची ठेव तुमच्याकडे राहायची की त्याच्या बँकेत जायची हे तो याच खेपांमध्ये ठरवतो. यान कार्लझन हे स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचे प्रमुख होते. त्यांनी १९८६चा हिशेब मांडला होता: वर्षाला १ कोटी प्रवासी, प्रत्येकाची गाठ साधारण पाच कर्मचाऱ्यांशी, दर वेळी सरासरी १५ सेकंद. तेवढ्या सेकंदांत कंपनी प्रवाशाच्या मनात बसते किंवा उतरते, असं त्यांचं म्हणणं. तुमच्याकडे ती माणसं पंधरा सेकंदांहून खूप जास्त वेळ बाकावर बसलेली असतात.

आणि कोऱ्या तक्रारवहीवर विसंबू नका. सोडून जाणारा माणूस वहीत लिहीत बसत नाही. मुदत संपल्यावर नूतनीकरण न झालेल्या एफडींची यादी काढा. तुमची खरी तक्रारवही ती आहे.

*

प्रश्न : मी घरून उकडीच्या मोदकांच्या आणि दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डर घेते. मदतीला दोघी आहेत. गेल्या गणपतीत मोदक ताजे असूनही काही जणींनी ‘पारी कडक झाली, फुटली’ म्हणून सांगितलं. हे नकाशाचं प्रकरण माझ्यासारखीच्या कामाचं आहे का?
– गृहउद्योजिका, मुलुंड

उत्तर : आहे, आणि तुम्हाला एक पान पुरेल. डाव्या टोकाला तुमचं मोदकपात्र, उजव्या टोकाला त्यांच्या गणपतीपुढचं नैवेद्याचं ताट. मध्ये काय काय घडतं ते लिहा. सहाला वाफवलेले मोदक सातला डब्यात गेले. रिक्षा सोसायटीच्या गेटवर अडली, वॉचमन इंटरकॉम लावतोय, घरात सगळे आरासीत गुंतलेले, फोन कुणी उचलत नाही. डबा घरात पोचला आठला. गुरुजी आले अकराला, आरती साडेबाराला. साडेसहा तास! तेवढ्या वेळात उकड सुकते. यात तुमच्या हाताचा काही दोष नाही.

ऑर्डर घेतानाच दोन गोष्टी विचारा: नैवेद्य किती वाजता, आणि गेटवर घ्यायला कोण येईल, त्याचा नंबर. डब्यात मोदकांखाली केळीचं पान, वर ओलसर मलमलचं फडकं. झाकणावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी: ‘नैवेद्याच्या आधी पाच मिनिटं वाफ द्या. मायक्रोवेव्हमध्ये नको.’ आगाऊ पैसे यूपीआयने येतात तेव्हा पाठवणाऱ्याचं नाव आणि ऑर्डर देणारीचं नाव बरेचदा वेगळं असतं, तेही वहीत तिथल्या तिथे जुळवून टाका. चतुर्थीच्या सकाळी ते शोधायला वेळ नसतो.

मग वेळेप्रमाणे ऑर्डरचे तीन गट करा आणि त्याप्रमाणेच उकड काढा. मुलुंड, नाहूर, भांडुप एवढंच घ्या. दादरची ऑर्डर कितीही मोठी असली तरी त्या दिवशी घेऊ नका. रस्त्यावर मिरवणुका असतात आणि त्यातून डबा कधी पोचेल याची हमी तुम्हाला देता येत नाही. दादरच्या बाईंना तसं स्पष्ट सांगा आणि लगेच पुढच्या संकष्टीची ऑर्डर लिहून घ्या. त्या दिवशी नैवेद्य रात्री चंद्रोदयानंतर असतो, तेव्हा दुपारी निघालात तरी वेळेत पोचाल.